नामराशी

ज्या लोकसभा मतदारसंघाची माहिती मी तीन वर्षं गोळा करत होते, तो आता नकाशावर नाही. दोन हजार आठच्या फेररचनेत त्याचे तुकडे पडले आणि त्यातली गावं शेजारच्या मतदारसंघांना वाटून दिली गेली. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, माणसांची आणि तांड्याची नावंही बदलली आहेत. या हकिकतीतली माणसं हयात आहेत आणि त्यांना याच मुलखात राहायचं आहे.

मी पुनम, वसमतला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. त्या मतदारसंघाच्या नऊ निवडणुका झाल्या. कोण उभं होतं, कोणाला किती मतं पडली, कोण कितीने पडलं, याचं एक छोटं पुस्तक करायचं मी डोक्यात घेतलं होतं. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळायचे, आकडे जुळवायचे, असं काम. आठ निवडणुकांचं काम सुरळीत झालं. नवव्या, म्हणजे शेवटच्या निवडणुकीच्या तक्त्यापाशी मी थांबले.

दोन हजार चार. दुसऱ्या क्रमांकावर रुख्मिणीबाई किसनराव आडे, पक्षाच्या उमेदवार. दोन हजार तीनशे सोळा मतांनी पराभूत. आणि चौथ्या क्रमांकावर रुख्मिणीबाई प्रेमदास आडे, अपक्ष. अकरा हजार चारशे ब्याऐंशी मतं.

पहिल्या रुख्मिणीबाईंना हिंगोली जिल्ह्यात कोण ओळखत नाही? आरोग्य केंद्रात नर्स होत्या, मग जिल्हा परिषदेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत जिंकल्या असत्या तर आमच्या भागातल्या तांड्यांमधून दिल्लीला गेलेल्या पहिल्या बाई ठरल्या असत्या. दुसऱ्या रुख्मिणीबाईंबद्दल मात्र कुठे एक ओळही नव्हती. मी माझ्या कच्च्या मसुद्यात लिहिलं, 'मतं फोडण्यासाठी सामील झालेली नामसाधर्म्याची उमेदवार', आणि पुढे गेले.

पण ते वाक्य मनात टोचत राहिलं. सामील झालेली, हे मला कुणी सांगितलं होतं? अर्जावरचा पत्ता शिरड शहापूरच्या पलीकडच्या माळतांड्याचा होता. जानेवारीतल्या एका रविवारी मी स्कूटी काढली.

वाटेत मी प्रश्न जुळवत गेले. बाई चतुर असेल तर कसं विचारायचं, घाबरलेली असेल तर कसं. तांड्यावर पोचले तेव्हा अंगणात एक साठीला टेकलेली बाई सुपात तूर पाखडत होती. भिंतीच्या सावलीत बाजेवर तिचा नवरा प्रेमदास दोरी वळत बसला होता. सून निलम चुलीपाशी होती. मुलगा नेमसिंग पुण्याला गाडी चालवतो, घरी नव्हता.

मी ओळख सांगितली आणि म्हणाले, "मावशी, दोन हजार चारला तुम्ही खासदारकीला उभ्या होतात ना? त्याबद्दल बोलायला आले."

बाई लाजून हसली. इतकं मोकळं हसू मला अपेक्षित नव्हतं.

"उभी कुठली, बाई? नुसता फारम भरला होता. आडेबाईसाठी. तुमाला कुणी सांगितलं? आमच्या सुनेला बी म्हाईत न्हाई ते." तिने सूप खाली ठेवलं. "बस की. निलम, च्या टाक."

प्रेमदासचे हात दोरीवर थांबले. ते मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

मग तिने सांगायला सुरुवात केली. मी लिहून घेत होते.

सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती या तांड्यावर आली. पहिलं लेकरू घरीच झालं आणि घरीच गेलं. दुसऱ्या वेळी, नव्वद सालच्या श्रावणात, कळा सुरू होऊन दोन दिवस झाले तरी सुटका होईना, तेव्हा तिला बैलगाडीत घालून आरोग्य केंद्रात नेलं. तिथे आडेसिस्टर होत्या. डॉक्टर जागेवर नव्हते. सिस्टरनी रात्रभर तिच्या उशाशी बसून बाळंतपण केलं. सकाळी रजिस्टर उघडून विचारलं, "नाव सांग."

"रुख्मिणीबाई आडे."

"माझं नको, तुझं सांग."

"माझंच सांगून राहिले."

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "मग तू माझी नामराशी झालीस."

"त्या दिवसापासून माझं नाव मला आवडाया लागलं," रुख्मिणीबाई मला म्हणाली. "पुढं साक्षरतेच्या वर्गात गेले. दुसरं काय आलं न्हाई, पर नाव लिवायला शिकले. ते बराबर येतंय. बाईचं बी तेच नाव, म्हनून लई मन लावून शिकले."

आडेबाईंना लोकसभेचं तिकीट मिळालं तेव्हा तांड्याने हलगी वाजवली. बाई प्रचाराला आल्या, पण गर्दीत रुख्मिणीबाईला त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही. लांबूनच हात जोडले.

त्याच्या आधी पंधरा दिवस विश्वंभर नावाचा एक कार्यकर्ता जीप घेऊन तांड्यावर आला होता. कोणाचा कार्यकर्ता, हे तिने विचारलं नाही. बाईचा, असंच त्याने सांगितलं. म्हणाला, बाईच्या अर्जात विरोधक खोट काढून राहिलेत. अर्ज बाद झाला तर बाई घरी बसतील. म्हणून त्याच नावाचा दुसरा अर्ज तयार ठेवायचा. बाईचा अर्ज मंजूर झाला की हा काढून घ्यायचा. एवढंच काम, पण बाईवर उपकार होतील.

"मी म्हनलं, मला विचारायचं काय त्यात? चला."

तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या कचेरीत नेलं. साहेबांसमोर उभं केलं. त्यांनी एकेक शब्द सांगितला, तिने तो मागून म्हटला. मी, रुख्मिणीबाई प्रेमदास आडे, ईश्वरसाक्ष शपथ घेते की. वीस वर्षांनी तिला ते सगळं पाठ होतं. तिने उभं राहून म्हणून दाखवलं. निलम चुलीपासून वळून सासूकडे बघत राहिली.

"साहेबानं खुर्ची दिली बसायला," ती म्हणाली. "मग चार दिसांनी विश्वंभर एक कागद घेऊन आला. म्हनला, बाईचा अर्ज मंजूर झाला, आता तुमचा मागं घ्यायचा, सही करा. केली. माझं काम झालं."

मतदानाच्या दिवशी ती सकाळी सातला रांगेत होती. यंत्रावर बाईंची निशाणी शोधली. निशाणीशेजारी जे नाव होतं, त्याचा आकार तिच्या ओळखीचा होता. तिला लिहिता येणारं एकच नाव. तिने बटण दाबलं आणि आनंदाने बाहेर आली. खाली आणखी कोण कोण आहे, हे कशाला बघेल ती?

"बाई पडल्या तवा मी लई रडले," तिने सांगितलं. "कसं काय पडल्या, काई कळलं न्हाई. लोकायनं दगा दिला म्हनायचे."

मी वही मिटली. इथे मला थांबायला हवं होतं. आजही वाटतं, त्या दिवशी मी उठून निघून आले असते तर? पण समोरच्या बाईला हे ठाऊक नाही, ही गोष्टच माझ्या डोक्यात शिरली नाही. मला वाटलं, ती अर्ज भरण्याचा भाग सांगतेय, पुढचा सांगायला संकोचतेय. मी सहज विचारलं, "मावशी, पण तुमचा अर्ज मागे घेतला नव्हता ना? तुम्हाला अकरा हजार चारशे ब्याऐंशी मतं पडली."

"कोनाला?"

"तुम्हाला."

ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली.

"बाईला म्हना."

"बाईंना वेगळी पडली. तुमचं नाव खाली होतं. शिवणयंत्र ही निशाणी होती तुमची."

"मी शिवनयंत्राला कंदी हात बी लावला न्हाई," ती म्हणाली. हेच तिच्या तोंडून पहिलं निघालं.

मी पिशवीतून तक्ता काढला. तिने तो हातात घेतला आणि बोट फिरवत एका जागी थांबली. दुसऱ्या ओळीत तिचं नाव. मग बोट खाली सरकलं आणि चौथ्या ओळीत पुन्हा तेच नाव सापडलं. तिने तक्ता निलमकडे दिला. "वाच."

निलमने वाचलं. पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने.

"बाई कितीनं पडली?" रुख्मिणीबाईने मला विचारलं.

आता मला समजायला लागलं होतं, पण उशीर झाला होता. मी सांगितलं, "दोन हजार तीनशे सोळा."

तिने हिशेब केला नाही. करायची गरजच नव्हती. तिचा हात नुसता सुपाच्या कडेवर पडून राहिला आणि तोंड जरा उघडं. एक शेळी येऊन सुपातली तूर खायला लागली तरी कुणी तिला हाकललं नाही.

मग ती नवऱ्याकडे वळली.

"तुमाला ठाऊक व्हतं?"

प्रेमदासने मान वर केली नाही.

"इचारून राहिले मी. ठाऊक व्हतं?"

"व्हय," तो म्हणाला.

पुढचं बरंचसं ती दोघं आपल्या बोलीत बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण निलमने नंतर सांगितलं. अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर शाळेच्या मास्तरांनी प्रेमदासला सांगितलं होतं की तुझ्या बायकोचं नाव यादीत आहे. तो धावत विश्वंभरकडे गेला. विश्वंभर म्हणाला, आता काही होत नाही. गप बस. बाहेर बोललास तर तुझ्या बायकोने खोटी शपथ घेतली म्हणून तिला जेल होईल. प्रेमदास घाबरला. तांड्यातल्या पुरुषांना त्याने हात जोडले. कुणी तिच्याजवळ बोलू नये म्हणून मतदान झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तिला घेऊन तो तेलंगणाच्या बाजूला वीटभट्टीवर गेला. पावसाळ्यापर्यंत ती दोघं तिकडेच होती.

"त्या साली घरी काम असून भट्टीवर काहून नेलं, ते आत्ता कळलं," रुख्मिणीबाई मराठीत म्हणाली. बहुधा मला कळावं म्हणून. "लई ऊन व्हतं तवा. मला चक्कर यायची. हे म्हनायचे, पान्याची सोय हाय इथं, राहू."

"तुला जेलात टाकलं असतं," प्रेमदास म्हणाला. "नेमसिंग चौदा वर्साचा व्हता."

"आन तो हातपंप?"

तांड्याच्या तोंडाशी एक हातपंप आहे. येताना मी त्याचं पाणी प्यायले होते.

प्रेमदास पुन्हा दोरी वळायला लागला. हातपंप त्याच साली जूनमध्ये बसला होता. आधी दहा वर्षं अर्ज करूनही तो मिळाला नव्हता.

रुख्मिणीबाई उठली आणि घरात गेली. मी बराच वेळ बसले. शेवटी निलम म्हणाली, "मॅडम, तुम्ही जा आता."

घरी येऊन मी मसुद्यातलं ते वाक्य खोडलं. दुसरं काय लिहावं, ते सुचेना. तीन वर्षं मी त्या आकड्याकडे पाहत होते. त्या आकड्यामागे एक बाई आहे आणि तिला तो आकडाच माहीत नाही, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी निलमचा फोन आला. "मॅडम, याडी जेवत न्हाई." त्यांच्याकडे आईला याडी म्हणतात. "हातपंपाचं पाणी बी घेईना. खालच्या विहिरीवरून घागर आणून राहिली, गुडघे दुखतात तरी. तुमाला बोलावलंय. तिला जवळा बाजारला जायचंय, विश्वंभरकडं."

मी गेले. या खेपेला कॉलेजमधल्या एकीची मोटार मागून घेतली. रुख्मिणीबाई मागच्या सीटवर निलमजवळ बसली. प्रेमदास जवळ आला आणि म्हणाला, मी पण येतो. तिने दार लावून घेतलं.

जवळा बाजारला आठवडी बाजार होता. विश्वंभरचं आता बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. तो सत्तरीचा, अंगाने सुटलेला, गल्ल्यावर बसला होता. रुख्मिणीबाई सरळ पुढे जाऊन उभी राहिली.

"या मावशी. काय देऊ?" तो म्हणाला.

"मी रुख्मिणीबाई आडे."

"कोणतं गाव?"

"माळतांडा."

"बरं. सोयाबीनचं बियाणं अजून आलं न्हाई बघा. मे मदी या."

"तुमी मला कचेरीत नेलं व्हतं. फारम भरायला. बाईसाठी म्हनून."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे, निलमकडे. मला वाटलं, आता तो दचकेल. तो फक्त आठवत होता.

"ते जिल्हा परिषदेचं का लोकसभेचं?"

"खासदारकीचं," निलम म्हणाली. "दोन हजार चार."

"हां, हां. लोकसभा." त्याने मान हलवली. "त्या टायमाला लई पळापळ होती. सटवाजी म्हणून एक होता, त्याला विधानसभेला उभं केलं. एक तुमी. अजून कोण तरी होतं कुरुंद्याचं. आता काय ध्यानात राहत न्हाई."

"तुमी मला सांगितलं, बाईवर उपकार व्हतील."

"मावशी, ते राजकारण असतंय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "वरून नाव यायचं, त्या नावाचं माणूस हुडकायचं, एवढं आमचं काम. ज्यांनी करायला लावलं ते बी आता राहिले न्हाईत. मतदारसंघ बी राहिला न्हाई. बसा, च्या घ्या."

"तुमी मला इसरलात?"

तो जरा ओशाळला. "खरं सांगू का, चेहरा ध्यानात येत न्हाई."

दुकानात दोन शेतकरी होते. ते पावतीची वाट बघत होते. त्यांच्यापैकी एकाने तिच्यासाठी स्टूल सरकवलं. ती बसली नाही. वळून बाहेर आली आणि पायरीवरच बसली. मी आणि निलम तिच्या शेजारी बसलो.

"मला वाटलं, घाबरंल," ती थोड्या वेळाने म्हणाली. "न्हाई तर भांडंल. मी कालपासून काय बोलायचं ते जुळवून ठेवलं व्हतं. त्याला तर म्हाईतच न्हाई की मी कोन."

समोर भाजीवाल्या ओरडत होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती. मग एकाएकी निलमला म्हणाली, "माझ्या भाचीच्या लग्नात एक बाई मला बघून म्हनली व्हती, ही बघ ती पाडनारी. मला वाटलं, दुसऱ्याच कुनाला म्हनती. मी बी तिच्यासंगं हसले."

मी म्हणाले, घरी जाऊ या. ती म्हणाली, न्हाई, बाईकडं चल.

आडेबाई हिंगोलीत राहतात. मी वाटेतून फोन केला, पुस्तकासाठी भेटायचं आहे एवढंच सांगितलं. सोबत कोण आहे ते सांगायचं धाडस झालं नाही. ती माझी चूक होती. तोपर्यंत मी बऱ्याच चुका केल्या होत्या.

दार बाईंनीच उघडलं. शहात्तर वर्षांच्या, पण ताठ. पांढरी सुती साडी, जाड चष्मा. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी आणलं. रुख्मिणीबाई बसली नाही. दाराजवळ उभी राहिली.

"या कोण?" बाईंनी मला विचारलं.

"मी रुख्मिणीबाई प्रेमदास आडे," ती म्हणाली. शपथेत म्हटलं होतं तसंच, पूर्ण.

बाईंच्या हातात तांब्या होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माळतांडा," त्या म्हणाल्या. "पत्ता मला पाठ आहे."

"बाई, मला म्हाईत नव्हतं."

"वीस वर्षं?"

"न्हाई म्हाईत."

"वीस वर्षं तुला कुणी सांगितलं नाही? सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्यात एक धार होती. "माझ्या नावावर अकरा हजार मतं नेलीस आणि माहीत नव्हतं म्हणतेस?"

मी मध्ये पडले. "बाई, त्यांना मी सांगितलं. चार दिवसांपूर्वी. माझ्यासमोर त्यांना पहिल्यांदा कळलं. मी साक्षीला आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रुख्मिणीबाई दारापासून एक पाऊल पुढे आली. ती म्हणाली, "नव्वदच्या श्रावनात तुमी माझं बाळंतपन केलं. डाक्तर नव्हते. पोराच्या गळ्याला नाळ गुंडाळली व्हती. तुमी मला नामराशी म्हनला."

बाई बसल्या जागी मागे सरकल्या. काहीतरी अंगावर आल्यासारख्या.

"ती तू?"

"व्हय."

"ती बैलगाडीत आणलेली?"

"व्हय, बाई."

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मग त्या माझ्याशी बोलावं तशा बोलल्या, पण नजर तिच्यावरच होती. "मी या बाईचा एक चेहरा मनात तयार केला होता. चांगला पक्का. झोप लागली नाही की त्याला बोलायची. दोन हजार पाचला एकदा माळतांड्याच्या फाट्यापर्यंत गेले होते. म्हटलं, बघावं कोण आहे ती. तिथूनच परत आले. मला वाटलं, समोर आली तर माझ्या हातून काहीतरी होईल." त्या थांबल्या. "आणि ती ही होती."

रुख्मिणीबाई त्यांच्या पायाशी जायला निघाली. बाईंनी हात पुढे करून तिला थांबवलं.

"नको. आज नको. आज तुम्ही जा."

आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर औंढा लागलं. तिथे रुख्मिणीबाई म्हणाली, "भूक लागली." निलमने मला खूण केली आणि मी गाडी थांबवली. चार दिवसांनी तिने अन्न घेतलं. दोन पुऱ्या खाल्ल्या आणि तिसरी हातात धरून रडली.

पुढे काय झालं, तेही सांगते. आठ दिवसांनी आडेबाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "तिला सांगा, माझा राग तिच्यावर नव्हता, हे मला आता कळतंय. पण इतक्या वर्षांचा तो कुठे ठेवायचा, ते कळत नाही. त्यामुळे थोडे दिवस जाऊ द्या." मार्चमध्ये त्या स्वतः रिक्षा करून तांड्यावर आल्या. नेमसिंगचा मुलगा रुद्र त्यांना दाखवला. त्याच्या बापाला आपण जगात आणलं, हे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. प्रेमदास त्यांच्यासमोर आला नाही, पडवीच्या मागे उभा राहिला. बाई जाताना त्याला म्हणाल्या, "तू घाबरलास ते मी समजू शकते. तिला सांगितलं नाहीस, ते नाही समजू शकत."

रुख्मिणीबाई त्याच्याशी अजूनही गरजेपुरतंच बोलते. भाकरी वाढते, औषध देते. महिनाभर तिने विहिरीवरून पाणी आणलं, मग गुडघ्यांनी ऐकलं नाही. आता हातपंपाचंच पिते. "पानी काय करनार, बाई," ती मला म्हणाली, "त्याला काय ठाऊक."

माझ्या पुस्तकातली ओळ तिनेच सांगितली. मी लिहून दाखवलेली पाच-सहा वाक्यं तिला पटली नाहीत, फार लांबण लावली म्हणाली. आता तक्त्याखाली एवढंच आहे: 'चौथ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आपण उभ्या आहोत हे ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतः मत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दिलं.' आकडा तसाच ठेवायला तिने बजावलं. "तो पुसू नको. लोकायनं बाईलाच दिलेली मतं हायेत ती. कुठं तरी दिसली पायजे."

सव्वीस एप्रिलला मतदान होतं. आता तिचा तांडा दुसऱ्याच मतदारसंघात आहे. मी मुद्दाम गेले. शाळेच्या भिंतीवर उमेदवारांची यादी लावली होती. ती निलमला घेऊन यादीसमोर उभी राहिली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं वाचायला लावली. एकदा झाल्यावर पुन्हा एकदा. मागची माणसं कुरकुरायला लागली तरी ती हलली नाही. दोन नावं थोडी सारखी निघाली तेव्हा तिने विचारलं, "यातला खरा कोनता?"

"दोन्ही खरे असतील, याडी," निलम म्हणाली.

ती आत गेली. बराच वेळ लागला, इतका की केंद्रावरच्या साहेबाने मान वाकवून पाहिलं. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"फोटो लावलेत नावाजवळ," ती मला म्हणाली. "मागल्या बारीला बी व्हते. काहून लावतात, ते आज कळलं."

मग तिने बोटावरची शाई वाळली का ते पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हातून तांड्याकडे चालायला लागली. प्रेमदास अजून रांगेत होता. ती त्याच्यासाठी थांबली नाही.